पावलापावलाने घडलेले आयुष्य : महर्षी धोंडो केशव कर्वे

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना बहुधा असे वाटते, की ही माणसे जन्मतःच काही अलौकिक घेऊन आली असावीत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र या समजुतीला छेद देते. त्यांच्यापाशी लोकमान्यांचे तेज नव्हते, आगरकरांची धारदार लेखणी नव्हती, सभा जिंकणारे वक्तृत्व तर नव्हतेच. अण्णा स्वभावाने कमालीचे संकोची होते. चारचौघांत बोलायचे म्हटले तरी ते बुजत, आणि या भिडस्तपणाने आपले नुकसान झाल्याचे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने मान्य केले आहे. तरीही या अबोल माणसाने भारतातील पहिले महिला विद्यापीठ उभे केले. हे कशामुळे घडले, याचे उत्तर त्यांच्या रोजच्या साध्या सवयींत सापडते.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणातील शेरवली येथे, आजोळी झाला. बालपण मुरूडला गेले. घरची परिस्थिती बेताची होती. मुरूडच्या शाळेत सोमण गुरुजींचा सहवास लाभला. वर्तमानपत्र आले की दुर्गादेवीच्या देवळात जमलेल्या गावकऱ्यांना ते वाचून दाखवायचे, हे काम गुरुजींनी या लाजाळू मुलाकडे सोपविले. आपल्या गावापलीकडे मोठे जग आहे आणि त्याच्याशी आपले काही नाते आहे, ही जाणीव त्या वाचनातून रुजली.

सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी सातारा गाठणे भाग होते. पावसाळ्याचे दिवस होते. सोबत्यांसह अण्णा कुंभार्ली घाटाने, शंभराहून अधिक मैलांची वाट पायी तुडवीत साताऱ्यास पोहोचले. तेथे परीक्षा समितीने त्यांच्या लहानखुऱ्या चणीकडे पाहून वय भरत नाही असे ठरविले आणि परीक्षेस बसू दिले नाही. वास्तविक वय पूर्ण होते. इतक्या पायपिटीनंतर मिळालेला हा नकार कोणत्याही मुलाला खचवून टाकणारा होता. अण्णा आल्या वाटेने परतले, पुन्हा अभ्यासाला लागले आणि पुढे कोल्हापूर केंद्रातून ती परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांच्या शिक्षणाचा सारा प्रवासच असा विलंबाचा आहे. मॅट्रिक झाले तेव्हा ते २३ वर्षांचे होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ मध्ये गणित विषय घेऊन बी. ए. झाले, तेव्हा वय २६ होते. कोणी पुढे गेले म्हणून खंत करण्यात त्यांनी वेळ दवडला नाही. आजचा धडा आज पुरा करावा, एवढेच त्यांचे गणित होते.

मुंबईत शाळांमधील अध्यापन आणि खासगी शिकवण्या यांत त्यांचा दिवस पहाटेपासून भरलेला असे. मिळकत थोडी होती, पण तिचा काही अंश परोपकारासाठी बाजूला काढण्याचा परिपाठ त्यांनी त्याच काळात घालून घेतला. गावच्या लोकांनी उत्पन्नातील अल्पसा वाटा नियमाने द्यावा आणि त्यातून सार्वजनिक कामे व्हावीत, ही मुरूड फंडाची कल्पना याच वृत्तीतून आली. पुढे लाखांचे व्यवहार ज्यांच्या हातून झाले, त्यांचा हात प्रथम अशा पै-पैशाच्या हिशेबावर बसलेला होता.

१८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी पत्नी राधाबाईंचे निधन झाले. पुनर्विवाह करायचा तर विधवेशीच, हा निर्धार त्यांनी केला. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच आनंदीबाई, अर्थात बाया कर्वे. नवविवाहित दांपत्य मुरूडला गेले तेव्हा गावाने बहिष्काराचा ठराव केला. घरच्या माणसांनाही त्यांच्यासोबत पंक्तीला बसण्याची चोरी झाली. अण्णांनी वाद घातला नाही, कटू शब्द उच्चारला नाही, आणि घेतलेले पाऊल मागेही घेतले नाही.

१८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. स्वतःजवळची शिल्लक त्यांनी कामाला दिली. पुढे आपल्या विम्याची ५,००० रुपयांची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. हा त्याग एकट्या अण्णांचा नव्हता. भविष्याची तरतूदच हातची गेलेल्या संसाराचा भार आनंदीबाईंनी वाहिला, आणि त्यात त्यांची जी ओढाताण झाली तिचा विसर पडता कामा नये. ध्येयवादी माणसाच्या घराला त्या ध्येयाची किंमत मोजावी लागते, हे या चरित्रातील कठोर सत्य आहे.

पुण्यातील प्लेगमुळे आश्रम शहराबाहेर नेणे भाग पडले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे ६ एकर जमीन आणि इमारतीसाठी ७५० रुपये दिले. १९०० साली तेथे एका साध्या झोपडीत आश्रम सुरू झाला. महाविद्यालयातील तास संपले की अण्णा सामानसुमान घेऊन सुमारे चार मैलांची वाट चालत हिंगण्यास जात, मुलींना शिकवीत, रात्री तेथेच राहत आणि सकाळी पुन्हा पुण्यास परतत. रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हता. पावसाळ्यात चिखलातून पाय काढणे कठीण होई. तरीही हा क्रम सुमारे दोन वर्षे चालला. महाविद्यालयाला सुट्टी लागली की अण्णा वर्गणीसाठी गावोगाव हिंडत. भिडस्त माणसाला परक्याच्या दारात उभे राहून मागणे किती जड गेले असेल! परंतु संकोच जाण्याची वाट न पाहता, संकोचासकट त्यांनी ते काम केले.

सुधारकांपैकी काहींना त्यांची सावध वृत्ती रुचली नाही. आश्रम विधवांच्या शिक्षणापुरता ठेवून त्यांनी पुनर्विवाहाची चळवळ त्यापासून अलग राखली. सनातनी घरांतील मुली शिकायला याव्यात, यासाठी ही तडजोड त्यांना आवश्यक वाटली. टीका दोन्ही बाजूंनी झाली. अण्णांनी ती ऐकून घेतली आणि वर्ग चालू ठेवले. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले वैधव्यानंतर येथेच शिकल्या आणि आश्रमासाठी निधी मिळवीत पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या.

जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णांच्या वाचनात आली. १९१५ च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तशा विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते सुरूही केले. तेव्हा वय होते ५८. विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि सरकारी मान्यता नव्हती. मातृभाषा हेच शिक्षणाचे माध्यम राहील, हे तत्त्व मात्र पहिल्या दिवसापासून निश्चित होते. इंग्रजी हा विषय आवश्यक होता, पण ज्ञान आपल्या भाषेतून मिळणार होते. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव लाभले. महाराष्ट्रापासून दूर, अन्य भाषांच्या प्रदेशात मराठी माध्यमाचा दीप तेवत ठेवणाऱ्या प्रत्येक शाळेचे या विचाराशी जवळचे नाते आहे.

सत्तरी उलटल्यावर, १९२९ पासून, त्यांनी युरोप, अमेरिका, जपान आणि पुढे आफ्रिका असा प्रवास करून संस्थेसाठी निधी जमविला. १९३६ मध्ये, ७८ व्या वर्षी, खेड्यातील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि हाती पेटी घेऊन पुन्हा दारोदार फिरले. १९४४ मध्ये समता संघ स्थापन केला. १९५८ मध्ये जन्मशताब्दीच्या वर्षी राष्ट्राने भारतरत्न अर्पण केले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ वर्षांच्या आयुष्यानंतर, ही अखंड चाल थांबली.

विद्यार्थिमित्रांनो, अण्णांसारखे विद्यापीठ उभारणे प्रत्येकाला साधणार नाही. परंतु ठरल्या वेळी उठणे, हाती घेतलेला पाठ पुरा करणे, खाऊच्या पैशातून थोडे दुसऱ्यासाठी राखणे, लाज वाटली तरी शंका विचारणे आणि एकदा मिळालेल्या नकारानंतर पुन्हा त्याच दाराशी जाणे, यांतील एकही गोष्ट तुमच्या आवाक्याबाहेरची नाही. साताऱ्याहून रिकाम्या हाताने परतणाऱ्या त्या मुलापाशीही याहून वेगळे भांडवल नव्हते.