रॉबर्ट बॉश : इंधनाला माप देणारा कारागीर

ट्रकच्या डिझेल पंपाचा विषय निघाला की मेकॅनिकच्या तोंडी 'बॉश' येतंच. पण बॉश हे एका माणसाचं आडनाव, हे मुलांना सांगायला हवं.

रॉबर्ट बॉश यांचा जन्म 23 सप्टेंबर 1861 रोजी जर्मनीतील उल्मजवळच्या आल्बेक गावी झाला. बारा भावंडांत ते अकरावे. उल्मला यंत्रकाम शिकले, अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात राबले. 1886 मध्ये एक कारागीर आणि एक पोरगा हाताशी घेऊन स्टुटगार्टला त्यांनी छोटं वर्कशॉप काढलं.

सुरुवातीच्या डिझेल इंजिनात इंधन दाबाच्या हवेने फवारत. त्याचा कॉम्प्रेसर फार अवजड. ट्रकवर बसवणं कठीण. बॉश यांच्या कंपनीने काही वर्षं खपून पंप तयार केला आणि 1927 पासून तो कारखान्यातून नियमित बाहेर पडू लागला. प्रत्येक सिलिंडरला नेमकं, सारखं डिझेल!

घाटात जोर हवा म्हणून अशा पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवतात. जोर येतोही, पण तेवढी हवा नसेल तर डिझेल अर्धवट जळतं, काळा धूर निघतो, इंजिन तापतं.

कामगारांच्या श्रमालाही बॉश यांनी माप दिलं. 1906 मध्येच त्यांनी आठ तासांचा दिवस सुरू केला. 1913 मध्ये शिकाऊ मुलांसाठी वेगळा विभाग काढला. 12 मार्च 1942 रोजी ते वारले.

पालकहो, मुलांच्या अभ्यासाचा स्क्रू फिरवण्याआधी त्यांना हवा पुरते का, तेवढं बघूया.