मातीतून आलेले टीबीचे औषध : सेल्मन वॅक्समन यांचे जीवन

मृगाचा पहिला पाऊस धाराशिवच्या काळ्या रानावर पडला की मातीचा ओळखीचा सुवास येतो. हा सुवास मुख्यतः जिओस्मिन या द्रव्याचा असतो. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस वंशाचे जिवाणू ते तयार करतात. क्षयरोगावरचे (टीबी) पहिले परिणामकारक प्रतिजैविकही याच वंशाने दिले. ते ज्यांच्या प्रयोगशाळेत सापडले ते सेल्मन वॅक्समन डॉक्टर नव्हते, मातीचे अभ्यासक होते.

शेतातला विद्यार्थी

वॅक्समन यांचा जन्म 22 जुलै 1888 रोजी आजच्या युक्रेनमधील एका खेड्यात ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा तिथे रशियन साम्राज्य होते आणि ज्यू मुलांना उच्च शिक्षण मिळणे कठीण होते. 1910 मध्ये ते अमेरिकेत गेले आणि न्यू जर्सीतील रटगर्स कॉलेजात शेतीशास्त्र शिकले. कॉलेजच्या शेतात खड्डे खणून ते वेगवेगळ्या थरांतली माती तपासत. बुरशीसारखे धागे असणारे, पण प्रत्यक्षात जिवाणू असलेले ॲक्टिनोमायसिट्स त्यांना तिथे वारंवार दिसले. पुढे हाच त्यांचा आयुष्यभराचा विषय झाला.

औषधाचा शोध

1939 मध्ये त्यांचे माजी विद्यार्थी रेने दुबो यांनी मातीतल्या जिवाणूपासून इतर जिवाणूंना मारणारे द्रव्य मिळवले. त्यानंतर वॅक्समन यांनी असे जिवाणू पद्धतशीर शोधायला सुरुवात केली. 1940 मध्ये सापडलेले ॲक्टिनोमायसिन माणसाला देण्यासाठी फार विषारी होते. 1942 मधल्या स्ट्रेप्टोथ्रायसिनचाही दुष्परिणाम मोठा होता. 1943 मध्ये त्यांचे विद्यार्थी अल्बर्ट शाट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. ते टीबीच्या जंतूंवर चालले.

तोपर्यंत टीबीच्या रुग्णाला सॅनेटोरियममधली मोकळी हवा, विश्रांती आणि चांगला आहार हाच मुख्य आधार होता. 1948 मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या 55 पैकी 4 रुग्ण दगावले, तर फक्त विश्रांती दिलेल्या 52 पैकी 14. पण अनेक रुग्णांमध्ये जंतू या औषधाला दाद देईनासे झाले. एकट्या औषधाने टीबी बरा करता येत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला.

श्रेयाचा वाद

औषधाचे पैसे आणि नाव दोन्ही वॅक्समन यांच्याकडे गेले, म्हणून शाट्झ यांनी 1950 मध्ये दावा लावला. तडजोडीत शाट्झ यांना सहसंशोधक म्हणून मान्यता आणि मानधनात वाटा मिळाला. 1952 चे नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना देण्यात आले. त्यांच्या चरित्रातली ही बाजू झाकून चालणार नाही. मिळालेल्या मानधनाचा मोठा भाग त्यांनी रटगर्समध्ये सूक्ष्मजीवशास्त्राची संस्था उभारायला दिला. 16 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले.

नाव एक, गुण वेगळे

वॅक्समन जिवाणू ओळखायचे ते वसाहतीचा रंग, धाग्यांची ठेवण आणि तो कशावर वाढतो हे पाहून. पण ग्रिसियस या एकाच नावाखालचे सगळे वाण स्ट्रेप्टोमायसिन बनवत नाहीत. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या जिवाणूंच्या आत काय आहे, हे जनुकीय क्रम वाचल्यावरच नेमके कळते.

आज माती किंवा पाण्यातून नवा जिवाणू मिळाला की त्याचा संपूर्ण जीनोम वाचून ओळखीच्या प्रजातींशी ताडून पाहतात. साम्य साधारण 95 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ती वेगळी प्रजाती मानली जाते. नाव मान्य होण्यासाठी जिवंत नमुना दोन देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. पुण्यात असा राष्ट्रीय संग्रह आहे. 2008 मध्ये ग्रिसियसच्या एका वाणाचा जीनोम वाचला गेला, तेव्हा त्यात विविध द्रव्ये बनवणारे 34 जनुकसमूह दिसले. स्ट्रेप्टोमायसिन हे त्यांतले फक्त एक. महाराष्ट्राच्या मातीनेही औषध दिले आहे : पिंपरीच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळाले.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

स्ट्रेप्टोमायसिनने कानांना आणि तोल सांभाळण्याच्या शक्तीला इजा होऊ शकते. आता टीबीच्या नेहमीच्या उपचारात ते वापरत नाहीत, अनेक औषधे एकत्र दिली जातात. थुंकीतल्या जंतूंची जनुकीय तपासणी करून कोणते औषध चालणार नाही हेही ओळखता येते. म्हणून दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. बरे वाटले तरी गोळ्या मध्येच बंद करू नका. नवे औषध मिळायला वर्षानुवर्षे जातात, पण हाती असलेले औषध अर्धवट उपचारांमुळे काही महिन्यांत निकामी होऊ शकते.