जॉन रे आणि त्याच्या मुली

इंग्लंडांतील एसेक्स परगण्यांत ब्लॅक नॉटली ह्या खेड्यांत, एका लोहाराच्या घरीं, इ. स. १६२७ मध्यें जॉन रे जन्मला. बुद्धीच्या बळावर तो केंब्रिज येथील ट्रिनिटी कॉलेजांत शिकला व तेथेंच फेलो झाला. केंब्रिजच्या आसपासच्या वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १६६० सालीं निघाला.

१६६२ सालीं कसोटीचा प्रसंग आला. राज्यक्रांतीच्या काळीं अनेकांनीं घेतलेली एक शपथ त्यांजवर बंधनकारक नाहीं, असें लिहून देण्याचा कायदा झाला. रे ह्यानें स्वतः ती शपथ घेतली नव्हती. तरी दुसऱ्यांची शपथ रद्द ठरविणें त्याच्या मनास पटेना. त्यानें सही न करितां पद सोडलें. पुढें फ्रान्सिस विलबी ह्या मित्रानें त्यास आश्रय दिला, व मृत्युपत्रांत सालीना ६० पौंडांची तरतूद केली.

१६७९ सालीं रे गांवीं परतला. उतारवयांत पायांस व्रण होऊन त्यास चालणें कठीण झालें. तेव्हां बापास जातां येईना तेथें मुली जात. त्या सुरवंट व फुलपांखरें आणीत. सुरवंट कोणता पाला खातो, कोश केव्हां करितो, त्यांतून कोणतें पांखरूं निघतें, हें तो टिपून ठेवी. १६९८ सालीं त्यांतील मेरी काविळीनें वारली. दुःख भारी होतें. तरी काम थांबलें नाहीं.

१७०५ सालीं रे निवर्तला. त्याचा कीटकांवरील अपुरा ग्रंथ १७१० सालीं लॅटिन भाषेंत छापून निघाला.

विद्यार्थीहो, सत्यास जपणारें मन व नीट पाहणारे डोळे, एवढेंच त्याचें भांडवल होतें.