नूर आणि तिची वही

आमच्या लेडीज होस्टेलवर सबमिशन संपलं की रात्री एका रूममध्ये लॅपटॉप लावून पिक्चर बघायचा, हा अलिखित नियम आहे. यावेळी 'अ कॉल टू स्पाय' लावला. कारण एकच, त्यात आपल्या पुण्याची राधिका आपटे आहे! २०१९ सालचा हा चित्रपट. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने फ्रान्स गिळला, तेव्हा ब्रिटनने तिथे गुपचूप ज्या बायका पाठवल्या त्यांची ही गोष्ट. लाकडी पायाची व्हर्जिनिया हॉल, भारतीय वंशाची नूर इनायत खान आणि लंडनच्या ऑफिसातून त्यांना पाठवणारी व्हेरा ॲटकिन्स. तिघींची मैत्री बघताना रूममध्ये कुणी चिप्सचं पाकीटसुद्धा वाजवलं नाही.

नंतर वाचत बसले तर कळलं, व्हर्जिनिया आणि नूरची मैत्री बरीचशी पिक्चरवाल्यांची. व्हर्जिनिया ऑगस्ट १९४१ मध्ये फ्रान्सला गेली आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये पिरेनीज पर्वत ओलांडून निसटली. नूर या गुप्तहेर खात्यात आलीच फेब्रुवारी १९४३ मध्ये. थोडी निराशा झाली खरी. पण नूरच्या खऱ्या आयुष्यातही मैत्रिणी होत्या, आणि ती गोष्ट पिक्चरपेक्षा जड आहे. शिवाय नूर वायरलेस ऑपरेटर होती आणि मी ईएनटीसीची! म्हणून हा लेख.

नूरचा जन्म १ जानेवारी १९१४ चा, मॉस्कोतला. आई अमेरिकन. वडील इनायत खान हे सूफी गायक, सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याचे. नूरचे पणजोबा मौलाबक्ष यांनी तिथे सयाजीरावांच्या आश्रयाने संगीत शाळा काढली होती. टिपू सुलतानाशी नातं सांगणारं हे घराणं. इनायत खान हैदराबादला निजामाच्या दरबारातही गायले. तेव्हा आपलं लातूर त्याच निजामाच्या राज्यात होतं, हे वाचून उगाच जवळचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

पुढे हे कुटुंब पॅरिसजवळ राहायला गेलं. १९२७ मध्ये वडील गेले, आईने स्वतःला खोलीत कोंडून घेतलं आणि तेरा वर्षांच्या नूरवर तीन भावंडांची जबाबदारी आली. तरी ती शिकली. बालमानसशास्त्र शिकली, वीणा आणि हार्प वाजवायची, रेडिओसाठी मुलांच्या गोष्टी लिहायची. १९३९ मध्ये तिचं जातक कथांचं पुस्तक निघालं. एकदम हळवी मुलगी. अशी मुलगी गुप्तहेर होते कशी? जून १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या, कुटुंब इंग्लंडला पळालं आणि नोव्हेंबरमध्ये ही हवाई दलाच्या महिला विभागात भरती होऊन मोर्स कोड शिकू लागली. युद्ध संपल्यावर मी भारताच्या स्वातंत्र्याच्या बाजूने असेन, हे तिने मुलाखतीत ब्रिटिश अधिकाऱ्यांना तोंडावर सांगून टाकलं होतं. इंटरव्ह्यूत असं बोलायची आपली हिंमत आहे का?

प्रशिक्षकांचे शेरे मात्र वाईट. धांदरट, भित्री, या कामाला नालायक! तरी १६ जूनच्या रात्री, १९४३ साली, तिला छोट्या लायसँडर विमानाने फ्रान्सला सोडलं. ब्रिटनने फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली महिला वायरलेस ऑपरेटर. सांकेतिक नाव मादलेन. आठ-दहा दिवसांतच पॅरिसमधलं जाळं गेस्टापोने उद्ध्वस्त केलं. लंडनने परत ये म्हटलं, तिने नकार दिला. कारण पॅरिसशी संपर्क ठेवणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

आता आपल्या लाईनचं. सेट सुटकेसमध्ये, वजन साधारण १५ किलो. वर कित्येक मीटर लांब एरियल लावायची, तीही कुणाला न दिसता. जर्मनांच्या गाड्या सिग्नलची दिशा शोधत फिरायच्या, त्यामुळे थोडं पाठवायचं, सेट गुंडाळायचा, दुसऱ्या घरात जायचं. अशा ऑपरेटरचं आयुष्य सहा आठवडे धरलं जायचं. नूर जवळजवळ चार महिने टिकली. धांदरट म्हणे!

पण तिने एक चूक केली. पाठवलेला प्रत्येक संदेश ती वहीत जपून ठेवायची. आदेशातल्या 'फाइलिंग' या शब्दाचा तिने चुकीचा अर्थ घेतला असावा, असं अभ्यासक म्हणतात. आपल्याला जर्नल कम्प्लीट नसलं की सरांची बोलणी खावी लागतात. तिचं जर्नल कम्प्लीट होतं, हाच घात झाला. ऑक्टोबर १९४३ मध्ये फितुरीमुळे ती पकडली गेली आणि सेटसोबत वह्याही सापडल्या. त्यावरून जर्मन तिच्या नावाने लंडनला खोटे संदेश पाठवू लागले आणि लंडनने विश्वास ठेवला. माझ्या मते खरा दोष लंडनचा, कारण संशय यायला जागा होती. फेब्रुवारी १९४४ च्या शेवटी त्या संदेशांवरून जे एजंट पॅराशूटने उतरले, ते थेट जर्मनांच्या हातात. त्यांत एक मुलगी होती, मादलेन दामरमाँ. नूरचं जे खोटं नाव, तेच तिचं खरं नाव.

नूर दोनदा पळाली, दोनदा पकडली गेली. पुन्हा पळणार नाही असं लिहून द्यायला तयार नव्हती, म्हणून तिला जर्मनीत फॉर्झहाइमच्या तुरुंगात पाठवलं. तिथे हातापायांत साखळ्या, एकटीची कोठडी, दहा महिने. बोलायची बंदी. मग तिने जेवणाच्या वाडग्याच्या बुडाला खरवडून लिहायला सुरुवात केली. वाडगा फिरत फिरत दुसऱ्या कोठडीतल्या फ्रेंच कैदी बायकांकडे जायचा, त्या उलट लिहायच्या. त्यातली योलांद लाग्राव जिवंत घरी परतली, म्हणून हे जगाला कळलं.

सप्टेंबर १९४४ मध्ये नूरला हलवलं. आगगाडीत आणखी तिघी होत्या. योलांद बीकमन, जी प्रशिक्षणात तिच्याबरोबर होती, एलियान प्लूमन आणि तीच मादलेन दामरमाँ. पहाऱ्यावरच्या माणसाच्या नंतरच्या जबानीप्रमाणे चौघी खिडकीशी बसून गप्पा मारत होत्या, सिगारेटी वाटून घेत होत्या. त्या गप्पांत वहीचा विषय निघाला असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. १३ सप्टेंबरला दाखाऊच्या छळछावणीत चौघींना गोळ्या घातल्या. नूर तीस वर्षांची होती. (बरोबर चार वर्षांनी त्याच तारखेला आपल्याकडे निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन सुरू झाली.)

युद्धानंतर व्हेरा ॲटकिन्स स्वतः जर्मनीत जाऊन आपल्या मुलींचा शोध घेत फिरली. आधी नूर दुसऱ्याच छावणीत मारली गेली अशी नोंद झाली, ती पुढे दुरुस्त झाली. १९४९ मध्ये तिला जॉर्ज क्रॉस मिळाला, २०१२ मध्ये लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये पुतळा बसला. आपली ओळख कुणाला तरी पटावी म्हणून तिने वाडग्यावर लंडनमधल्या घराचा पत्ता खरवडला होता, ४ टॅव्हिटन स्ट्रीट. त्या घरावर ऑगस्ट २०२० मध्ये तिच्या नावाची निळी पाटी लागली.