गानहिरा हिराबाई बडोदेकर



मी सातवी शिकलेली, संसारात रमलेली बाई. मी लेख काय लिहिणार? पण गाण्याची आवड लहानपणापासूनची, म्हणून हिराबाईंविषयी चार शब्द लिहिते. आपण बायका आज चारचौघांत मोकळेपणी गातो, त्याची वाट त्यांनी घालून दिली.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेस झाला. वडील किराणा घराण्याचे थोर गवई अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. पुढे आईवडील विभक्त झाले आणि मुलांचा सारा भार ताराबाईंवर पडला. हिराबाई आपले बंधू सुरेशबाबू आणि अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे गाणे शिकल्या.

त्या काळी बाईचे गाणे म्हणजे पुरुषांच्या बैठकीची गोष्ट. घरंदाज बाईने गाणे तर राहोच, ऐकायला जाणेही कमीपणाचे मानीत. अशा वेळी हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. अंगभर पदर, शांत मुद्रा, ना हावभाव ना नखरा. मग लोक आपल्या बायकामुलींनाही गाणे ऐकायला आणू लागले. भावंडांसह त्यांनी नाटक मंडळी काढली. पुरुष लुगडी नेसून नायिका होत, त्या दिवसांत त्यांच्याकडे स्त्रियांची कामे स्त्रियाच करीत. मंडळी कर्जात बुडाली, तेव्हा जलसे करून हिराबाईंनी ते कर्ज फेडले.

१९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २० नोव्हेंबर १९८९ रोजी त्या गेल्या. परंतु धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे आणि शिष्या प्रभा अत्रे यांनी तो वसा पुढे चालविला.

लग्न होऊन मी गोंदियास आले, तेव्हा सुनेने गाणे घरात कोणास रुचत नसे. भांडी घासताना त्या आवाजाआड मी गुणगुणत असे. पुढे मंडळाच्या हळदीकुंकवास धीर करून एक अभंग म्हटला. सासूबाई समोरच बसल्या होत्या. माझे हातपाय कापत होते. घरी आल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. रात्री मात्र देवापाशी दिवा लावून त्यांनी तोच अभंग पुन्हा म्हणायला सांगितला.

भगिनींनो, आपल्या लेकीसुनेला गळा असेल तर तिला गाऊ द्या. हिराबाईंचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.