गाजराच्या रंगामागचा माणूस : पॉल कारर

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी विभागासाठी लिहिताना पेन अडखळतंय. सांभाळून घ्या. विषय मात्र आजीमुळे सुचला.

आजीचं माहेर पुसद तालुक्यातलं. लहानपणी दिवेलागणीनंतर तिला दिसायचंच नाही, बहिणीचा हात धरून अंगणात जायची. रातांधळेपणा! घरच्यांनी बकऱ्याची कलेजी खाऊ घातली आणि दिसू लागलं. का, हे मला ऑरगॅनिक केमिस्ट्री वाचताना कळलं. तिथंच कारर भेटले.

पॉल कारर यांचा जन्म १८८९ चा, मॉस्कोतला. आईवडील स्विस, वडील दातांचे डॉक्टर. पॉल तीन वर्षांचे असताना कुटुंब मायदेशी परतलं. १९११ मध्ये झुरिकला आल्फ्रेड वर्नर यांच्याकडे डॉक्टरेट, मग काही वर्षं फ्रँकफर्टला पॉल एर्लिश यांच्या हाताखाली, आणि १९१९ पासून झुरिकच्या रसायन संस्थेचे संचालक.

गाजरातला रंग, म्हणजे कॅरोटीन, १८३१ मध्येच वेगळा काढलेला होता. त्यात ४० कार्बन आणि ५६ हायड्रोजन आहेत हेही १९०७ मध्ये कळलं होतं. पण ते जोडलेत कसे? १९३० मध्ये कारर यांनी सांगितलं : लांब साखळी, दोन्ही टोकांना एकेक कडं, आणि मधोमध आरसा धरावा तसे दोन सारखे भाग. पुढच्याच वर्षी त्यांनी अ जीवनसत्त्वाची रचना मांडली. ते निघालं त्याच साखळीचा अर्धा तुकडा! आपल्या आतड्यात कॅरोटीन मधोमध तुटतं आणि तयार झालेलं जीवनसत्त्व यकृतात साठतं. बकऱ्याचंही तसंच. आजीच्या कलेजीचं गणित सुटलं. (हळद पिवळी असली तरी या घराण्यातली नाही. व्हायवात मी इथेच आपटले होते.)

१९३७ चं नोबेल त्यांना हॅवर्थ यांच्यासोबत मिळालं. आपण असतो तर हारतुरे घेऊन मोकळे झालो असतो. पण कॅरोटीनची रचना अजून कागदावरच होती, बाटलीत नव्हती. एकाआड एक अकरा दुहेरी बंध, त्यात हवा आणि उजेड लागला की माल खराब. वीस वर्षं गेली. १९५० मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी सहकारी ऑयगस्टर यांच्यासोबत ते जमवलं. हिशोब सोपा : १६ + ८ + १६. सोळा कार्बनचे तुकडे आयोनोनपासून. आयोनोन बनतं सिट्रालपासून, आणि सिट्राल म्हणजे आपल्या गवती चहाचा वास! मधे आठ कार्बनचा तुकडा, त्याच्या दोन्ही टोकांना हे जोडायचे, मग पाणी काढायचं आणि तिहेरी बंधांचे दुहेरी करायचे. त्याच वर्षी जर्मनी-अमेरिकेतही हे साधलं, त्यामुळे श्रेय एकट्याचं नाही. १९५४ पासून रोश कंपनी ते कारखान्यात बनवू लागली.

कारर १९७१ मध्ये गेले. त्याच्या आदल्याच वर्षी भारतात लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस द्यायला सुरुवात झाली होती. अंगणवाडीत पाजतात तेच.

दिवाळीच्या सुट्टीत आजीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, आणि संध्याकाळी चहात गवती चहाची पात जरा जास्तच टाकली.