गुन्हेगार जन्मतो की घडतो? उमाजी नाईकांचे आयुष्य काय सांगते, वाचा सविस्तर

दरवर्षी ७ सप्टेंबरला जालन्यासह राज्यभरातील शासकीय कार्यालयांत राजे उमाजी नाईक यांच्या प्रतिमेला पुष्पहार घातला जातो. याच उमाजींना पकडून देणाऱ्यासाठी इंग्रज सरकारने १० हजार रुपयांचे इनाम जाहीर केले होते. इंग्रजांच्या दप्तरी ते दरोडेखोर होते. एकच माणूस एका सरकारचा गुन्हेगार आणि दुसऱ्या सरकारचा आद्य क्रांतिकारक कसा ठरतो? समाजात गुन्हा का निर्माण होतो, हा समाजशास्त्राचा जुना प्रश्न उमाजींच्या आयुष्यातून नीट समजतो.

राखणदाराचे घर

उमाजींचा जन्म १७९१ मध्ये पुरंदरजवळच्या भिवडी गावात झाला. वडील दादोजी खोमणे पुरंदर किल्ल्याच्या राखणीवर होते. रामोशी समाज पिढ्यान् पिढ्या किल्ले आणि गावे राखत असे. त्या बदल्यात जमीन आणि गावकीतले हक्क मिळत. म्हणजे चोर पकडणे हेच या घराचे काम होते.

१८०३ मध्ये काय बिघडले?

दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांचा आश्रय घेतला आणि मराठा सरदारांशी इंग्रजांचे युद्ध पेटले. आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. त्याच वर्षी बाजीरावाने पुरंदरची राखण रामोशांकडून काढून घेतली. १८१८ मध्ये पेशवाई गेली, किल्ले इंग्रजांच्या ताब्यात गेले. हत्यार चालवता येणारी माणसे बेकार झाली.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ मध्ये मांडलेला सिद्धांत इथे लागू पडतो. मानाने जगण्याची अपेक्षा कायम राहते, पण तिथे पोहोचण्याचा सरळ रस्ता बंद होतो, तेव्हा काही जण आडमार्ग धरतात, तर काही जण व्यवस्थाच उलथू पाहतात. उमाजींनी दोन्ही केले.

लूट ते जाहीरनामा

सुरुवातीच्या एका दरोड्यात उमाजींना तुरुंगवास झाला. तिथे ते लिहा-वाचायला शिकले. १८२६ पासून त्यांनी उघड बंड पुकारले. सावकार, वतनदार आणि सरकारी खजिने लुटले, खंडणीही वसूल केली. फौज पाठवूनही ते सापडेनात, तेव्हा इंग्रजांनी त्यांना माफी, जमीन आणि बंदोबस्ताचे काम दिले. कालचा दरोडेखोर पुन्हा राखणदार झाला! पण हा समेट टिकला नाही. १८३१ मध्ये त्यांनी जाहीरनामा काढून इंग्रजांची चाकरी सोडण्याचे आणि सारा न भरण्याचे आवाहन केले. केवळ पोटासाठी लुटणारा असे करत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फितुरीमुळे ते पकडले गेले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली.

शिक्का माणसावरून जमातीवर

हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये दुसरी बाजू दाखवली. कोणते वागणे गुन्हा आणि कोण गुन्हेगार, हे ठरवण्याची ताकद सत्तेकडे असते. एकदा शिक्का बसला की समाज त्या माणसाकडे त्याच नजरेने पाहतो. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हा शिक्का थेट जन्माला चिकटवला. पुढे तो कायदा मुंबई इलाख्यातही आला. या जमातींत जन्मलेले मूलही संशयित ठरले.

आज याचे काय?

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. रामोशी समाज आज राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. जालना जिल्ह्यातील तांड्यांवर राहणारा बंजारा समाज आणि पारधी समाजातील काही गटही त्याच यादीत आहेत. कायद्याने शिक्का पुसला. पण चोरी झाली की पहिला संशय आजही ठराविक वस्त्यांवर जातो आणि त्याच वस्तीतल्या तरुणाला काम मिळणे अवघड होते. काम नाही म्हणून आडमार्ग आणि आडमार्ग म्हणून पुन्हा संशय, हे चक्र उमाजींच्या काळापासून फिरते आहे. जयंतीला प्रतिमेसमोर हात जोडताना ते कुठे तोडता येईल, हा प्रश्नही विचारायला हवा.